कसबाचा शब्द कुठे ठेवायचा? नव्या लेखकांसाठी काही पायऱ्या

अंबाजोगाईत माझ्याकडे पहिल्यावहिल्या कथा घेऊन येणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं. ‘आई अत्यंत कुशलतेने भाकरी थापत होती.’ कधी आईच्या जागी सुतार असतो, कधी मोटारसायकल दुरुस्त करणारा मामा, कधी ऊस तोडणारी बाई. ‘अत्यंत कुशलतेने’ मात्र तेच. वाक्यात व्याकरणाची चूक काही नाही. पण वाचून झाल्यावर डोळ्यांपुढे ना आई उभी राहते, ना भाकरी. शब्दाने कसबाची पावती दिली, माल मात्र पोचलाच नाही.

मराठीत कसब सांगणारे शब्द ढीगभर आहेत आणि प्रत्येक जण वेगळ्या घरचा आहे. ते निवडायचे कसे, कुणाच्या तोंडी द्यायचे आणि लिहिताना कुठे ठेवायचे, हे मी मुलांना ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने इथे लिहितो.

पायरी पहिली: शब्द शोधण्याआधी हात पाहून या

वही घ्या आणि काम चालू असेल तिथे जाऊन बसा. लांब जायची गरज नाही, स्वयंपाकघरही चालेल. नियम एकच: वहीत विशेषण लिहायचं नाही. हात काय करतोय ते क्रियापदांत लिहायचं आणि वस्तूंची नावं तिथली माणसं घेतात तीच लिहायची.

ज्वारीची भाकरीच घ्या. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग भाकरी थापताना कडेला चिरते. हे बाईला चिमटीत पीठ दाबूनच कळतं आणि ती थंड पाण्याऐवजी आधण ओतते. काठवटीत पीठ तळहाताच्या टाचेने रगडते. थापून झालेली भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकते, वरून पाण्याचा हात फिरवते आणि ते पाणी सुकायच्या बेताला उलटते. जरा उशीर झाला तर भेगा पडतात, पापुद्रा सुटत नाही. या चार ओळींत ‘कुशल’ कुठे नाही, पण ‘विरी’ आहे. तो शब्द ज्या लेखकाला ठाऊक आहे, तो कधीतरी चुलीपाशी बसलेला आहे, हे वाचणाऱ्या बाईला लगेच कळतं.

जमलं तर पैठणला जाऊन माग चालताना पाहा. पदरावरचा मोर विणताना रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. प्रत्येक रंगाची आपली छोटी कांडी असते. रंग संपतो तिथे तो धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवून मागे वळवतात. म्हणून हातमागावरच्या अस्सल पैठणीची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते, मागे धागे लोंबत नाहीत. ‘विणकर मोठा कसबी होता’ असं लिहिण्याआधी त्याने पदर उलटून दाखवला, हे लिहा.

पायरी दुसरी: शब्दाची संगत पाहा

इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. शब्दकोशात ‘कुशल, निपुण, प्रवीण, तरबेज, पटाईत, सराईत’ एका ओळीत भेटतात आणि नव्या लेखकाला वाटतं, यातला कुठलाही उचलला तरी चालेल. तसं चालत नाही. शब्द ज्यांच्यात ऊठबस करतो त्यांचा वास त्याला लागतो.

‘सराईत’ घ्या. मुळात सरावलेला, एवढाच अर्थ. पण वर्तमानपत्रांनी तो ‘सराईत गुन्हेगार’ असा इतक्या वेळा छापला, की ‘माझे वडील सराईत शेतकरी होते’ हे वाक्य आता ऐकवत नाही. ‘शिताफी’चंही तेच. पोलीस शिताफीने अटक करतात, चोर शिताफीने पसार होतो. आजी शिताफीने गोधडी शिवत नाही. ‘पटाईत’ हा मूळचा पटा चालवणारा, म्हणजे तलवारबाजीच्या आखाड्यातला शब्द. आज तो बहुतेक वेळा थापा मारण्यात पटाईत, उधारी बुडवण्यात पटाईत असा भेटतो. प्रेमाने थट्टा करायची असेल तर तो उत्तम, गौरव करायचा असेल तर जपून. ‘हातचलाखी’ आणि ‘हस्तलाघव’ दोघांचा शब्दशः अर्थ हाताची चपळाई, पण पहिल्याला जादूगाराच्या आणि ठकाच्या पंगतीत बसवलंय, दुसऱ्याला चित्रकाराच्या. याच ‘लाघव’ची लेक ‘लाघवी’ हातातून निघून बोलण्यात आणि स्वभावात जाऊन राहिली.

संस्कृताकडून आलेले शब्द आतून फार देखणे आहेत. कुश नावाचं धारदार गवत हात न कापता तोडून आणणारा तो कुशल, अशी परंपरेतली व्युत्पत्ती. प्रवीण म्हणजे वीणेत प्रकर्षाने पुढे गेलेला. निष्णात म्हणजे न्हालेला, विद्येत बुडी मारून वर आलेला. पारंगत म्हणजे पैलतीराला पोचलेला. ही चित्रं मनात असली तर शब्द जागेवर बसतो. नदीकाठच्या नावाड्याबद्दल लिहिताना ‘पारंगत’ आला, तर तो दुहेरी उजळेल. पण एक गोष्ट मला खटकते आणि ती नव्या लेखकांनी मनावर घ्यावी. आपण ‘निष्णात’ डॉक्टरला आणि वकिलाला लावतो, गवंड्याला क्वचितच. हा शब्दाचा दोष नाही, ही आपली लावलेली सवय आहे. तुमच्या कथेत गवंडी निष्णात होऊ शकतो, फक्त त्याची विद्या आधी दिसली पाहिजे.

फारसी-अरबीकडून आलेल्यांत ‘वाकबगार’ जाणकारीचा, ‘करामत’ चमत्काराचा, ‘हिकमत’ डोकं लढवण्याचा. ‘कसब’ अरबी, मूळ अर्थ कमाई, मिळकत. पोट ज्याच्यावर चालतं ते कसब. म्हणून हौसेने रविवारी चित्र काढणाऱ्यापेक्षा रोज माठ घडवणाऱ्याला हा शब्द जास्त शोभतो. इथे एक खड्डा आहे. ‘कसबी’ हे कारागिराचं कौतुक, पण ‘कसबीण’ म्हणजे वेश्या. एका मुलीने आपल्या आजीच्या गौरवाच्या लेखात निरागसपणे ‘माझी आजी कसबीण होती’ असं लिहून आणलं होतं. छापायला जायच्या आत वहीत सापडलं म्हणून बरं.

शब्दांची संगत काळानुसारही बदलते. ‘चतुर’ आज मुलांच्या गोष्टीतल्या कोल्ह्याला चिकटलेला आहे. पण जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात लिहिण्याच्या कलेवरच एक समास लिहिला आहे, त्याची सुरुवात पाहा:

ब्राह्मणें बाळबोध अक्षर । घडसुनी करावें सुंदर ।
जें देखतांचि चतुर । समाधान पावती ॥

इथला चतुर कुणाला फसवत नाही. तो पारखी आहे, चांगलं अक्षर पाहून तृप्त होणारा. तुमची कथा सतराव्या शतकात घडत असेल तर ‘चतुर’ हा मानाचा शब्द म्हणून वापरा. आजच्या लातूरच्या बाजारपेठेत घडत असेल, तर दुकानदाराला चतुर म्हटल्यावर वाचक आपलं पाकीट चाचपेल.

काम म्हणून एक करा. एक शब्द निवडा आणि त्याचा माग काढा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही मोबाइलवर शोधता येतात. त्यांत अर्थ पाहा, मग या आठवड्याच्या वर्तमानपत्रात तोच शब्द कुणाच्या शेजारी बसलाय ते पाहा. दोन्हींत जेवढं अंतर, तेवढा तुम्हाला खेळायला वाव.

पायरी तिसरी: शब्द कुणाच्या तोंडून येतोय?

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबाराची, कचेरीची, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. त्यामुळे इकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘हुन्नर’, ‘उस्ताद’, ‘माहीर’ हे शब्द पाहुणे वाटत नाहीत, घरचेच वाटतात. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतल्या हिमरू विणणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी ‘नैपुण्य’ घातलंत तर तो तुमच्या कथेतून उठून जाईल.

आणि खरं सांगायचं तर हाताने काम करणारी माणसं एकमेकांची स्तुती विशेषणाने फारशी करतच नाहीत. हाताचं नाव घेतात. ‘हात बसलाय.’ ‘हाताला चव हाय.’ सुईणीच्या किंवा वैदूच्या ‘हाताला गुण’ असतो. नवख्याचा हात अजून ‘वळत नाही’. हे सगळे वाक्प्रचार तुमचे आहेत, विनामूल्य आहेत, आणि ‘कौशल्यपूर्ण’पेक्षा कितीतरी जिवंत आहेत. सांभाळायचं एवढंच, की ‘हात साफ असणं’ आणि ‘हात साफ करणं’ यांत चोरीएवढं अंतर आहे.

शब्द कोण देतोय, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता शैलीचा नाही. १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, मीही मागे मागे. फाटक्या लुगड्याची चुंबळ करून ती त्यात दगड बसवायची, म्हणजे कपऱ्या डोळ्यांत उडत नसत. मग दगड फिरवून फिरवून त्याची शीर शोधायची. शिरेवर घाव बसला तर दगड दोनच घावांत उकलतो. नाही तर दहा घालूनही नुसता भुगा होतो. मजुरी मापावर. तिचा ढीग शेजारणीच्या आधी पुरा व्हायचा आणि मग ती शेजारणीच्या ढिगाला हात लावायची. दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटलं जाणारं कोरडं खाणं, मिळायची. कामाच्या कागदांवर या सगळ्या बायांच्या कामाला एकच शब्द होता: अकुशल. पुढे १९७७च्या रोजगार हमी कायद्यातही हमी दिली गेली ती ‘अकुशल’ कामाचीच. आजही किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असतात.

मोठेपणी गीतेतलं ‘योगः कर्मसु कौशलम्’ वाचलं, तेव्हा मला आधी तो दगड आठवला.

म्हणून मुलांना मी सांगतो, ‘कुशल’ हा शब्द कथेत आणायचा असेल तर कचेरीतून येऊ द्या. कारकुनाच्या लेखणीतून, तक्त्यातून, भरतीच्या जाहिरातीतून. एका बाजूला कागदावरचं ‘अकुशल’ आणि दुसऱ्या बाजूला शीर शोधणारा हात, एवढं समोरासमोर ठेवलंत की लेखकाने आणखी काही बोलायची गरज उरत नाही.

पायरी चौथी: आधी खोपा, मग कारागिरी

शब्द निवडला, तोंड ठरलं. आता जागा. यासाठी मराठवाड्याबाहेर, शेजारच्या खानदेशात जातो, कारण याहून चांगला धडा मला कुठे सापडलेला नाही. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची सुगरणीची कविता आपल्याला तोंडपाठ असते, म्हणून तिची बांधणी आपण पाहतच नाही. ‘अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला’ इथे सुरुवात. पिलासाठी झाडाला टांगलेला झोका आधी दिसतो. पिलं निजलेली दिसतात. मग विणीकडे नजर जाते आणि तेव्हा कुठे कसबाचा शब्द उच्चारला जातो:

खोपा इनला इनला
जसा गिलक्याचा कोसा
पाखराची कारागिरी
जरा देख रे मानसा

गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वाळलेला जाळीदार कोसा ज्याने पाहिलाय त्याला वीण दिसलीच. त्याच्यानंतर ‘कारागिरी’ आल्यामुळे तो शब्द भरलेल्या घड्यासारखा जड लागतो. हाच शब्द पहिल्या ओळीत टाकून पाहा, कविता तिथेच बसते. आणि शेवटी विशेषण नाहीच, हत्यारांची मोजदाद आहे: ‘तिची उलूशीच चोच, तेच दात, तेच ओठ’, आणि माणसाला दोन हात, दहा बोटं.

जाता जाता: खोपा विणतो तो सुगरण पक्ष्याचा नर. लोकभाषेने त्याला बाईचं नाव दिलं, कारण तिला बारीक, चिकट, घर उभं करणारं काम म्हटलं की बाईच आठवली. निबंध लिहीत असाल तर नर लिहा, कविता असेल तर सुगरणच राहू द्या.

आधी दाखवून झालेल्या कसबावर वरून विशेषण चढवण्याचा मोह फार होतो. अशा वेळी पैठणचे एकनाथ आठवावेत. त्यांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांना बजावलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो वोवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचें ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. खडी फोडणारीने शीर शोधून दोन घावांत दगड उकलला, हे लिहून झाल्यावर पुढे ‘ती खरोखरच अत्यंत निपुण होती’ असं लिहिणं ही ताटातली करवंटी. खोडा.

पायरी पाचवी: हात अडलेला दाखवा

सगळं सुरळीत चाललेलं असताना कसब दिसत नाही. ते दिसतं धागा तुटल्यावर, पीठ जुनं निघाल्यावर, पावसाने भट्टी विझत आल्यावर. नवखा तिथे थांबतो आणि मुरलेला हात काहीतरी वेगळं करतो. ते वेगळं काय, हे शोधा.

मुरलेला हात दुसऱ्याचं कच्चेपणही ओळखतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबा काका. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. सगळे गप्प बसले, नामदेव रागावले, आणि गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. कथा सांगणाऱ्याने गोरोबा किती मोठे कुंभार होते याबद्दल एक शब्द काढलेला नाही. फक्त त्यांचं अवजार त्यांच्या अंगणाबाहेर, भलत्याच ठिकाणी चालवून दाखवलं. तुमच्या पात्राचं कसब असं त्याच्या धंद्याबाहेर नेऊन पाहा. शिंपी माणसांकडे मापं घेत असल्यासारखा पाहतो का? कापसाची प्रत बोटांनी ओळखणारी बाई सुनेच्या लुगड्याला हात लावते तेव्हा काय होतं?

पायरी सहावी: लिहिलेलं पुन्हा लिहा

एका मुलाच्या वहीतलं वाक्य होतं: ‘द्वारका अत्यंत कुशलतेने ऊस तोडत होती. तिच्या हातात जणू जादू होती.’ तो बीडकडचा, त्याच्या घरातली माणसं दसरा-दिवाळीनंतर कारखान्याला जाणारी. त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त ते लिहिण्याजोगं आहे हे ठाऊक नव्हतं. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडख्यात साखर जास्त आणि वर राहिलेलं खुंट खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, नडतं. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. बसून दोघांनी मिळून असं लिहिलं:

‘द्वारकाने डाव्या हाताने ऊस धरला, वाकली आणि कोयता मातीला घासूनच मारला. खुंट बोटभरही वर राहिलं नाही. दुसऱ्या घावाला शेंड्याचं हिरवं वाढं वेगळं झालं, कोयता उसावरून ओढला तसं पाचट पायाशी गळालं. तोडलेला ऊस मागे पडतो न पडतो तोच तिचा हात पुढच्या उसावर होता. बांधावरच्या झोळीत लेकरू रडायला लागलं. ती थांबली नाही, तिचे घाव मात्र जवळजवळ पडू लागले. शेजारच्या सरीत सुरेखा यंदाच आलेली. तिची मोळी उचलता उचलता सुटली आणि ऊस पायावर पडले. द्वारकाने हातातला कोयता खाली टाकला, दोन वाढी उचलून त्यांचे शेंडे एकमेकांत पिळले आणि म्हणाली, “गाठ नगं मारू. पिळा दे अन् आत खुपस. वजनानंच आवळतंय.” सुरेखाने पिळा दिला. “तुजा हात बसलाय, वैनी,” ती म्हणाली. द्वारका झोळीकडे निघाली होती.’

स्तुतीचं एकच वाक्य उरलं आणि ते सुरेखाकडे गेलं, कारण तिच्या पायावर ऊस पडलेत. तिला ते म्हणायचा अधिकार आहे. द्वारकाने ते ऐकलं की नाही, यावर आमचा बराच वाद झाला. मला वाटत होतं तिने मागे वळून हसावं. मुलगा म्हणाला, तिला वेळ नाही. त्याचं बरोबर होतं.

पायरी शेवटची: ज्याच्या हातावर लिहिलं त्याला वाचून दाखवा

ही पायरी लोक गाळतात. भीती वाटते. पण वीस समीक्षक सांगणार नाहीत ते विणकर एका ऐकण्यात सांगतो. वाचताना त्याच्या चेहऱ्याकडे नको, हातांकडे पाहा. तुमचं वर्णन बरोबर असेल तर त्याची बोटं आपोआप हलतात.

माझी पहिली कथा खडीवरच होती. कॉलेजात असताना लिहिली आणि आईला वाचून दाखवली. ती ज्वारी निवडत ऐकत होती. ‘तिने दगडाच्या मधोमध घाव घातला’ या वाक्यापाशी तिचा सुपातला हात थांबला. ‘मधी न्हाई,’ ती म्हणाली. सूप बाजूला ठेवून तिने अंगणातला एक दगड आणला, माझा अंगठा धरून त्यावरून फिरवला. एका ठिकाणी बारीक रेघ लागली, डोळ्यांना न दिसणारी. ‘हितं. कडंला.’

मी वाक्य खोडलं, ती म्हणाली तसं लिहिलं. तिने सूप परत मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ‘हां. आता म्होरं वाच.’